छायाचित्राची पाठ

कारखान्यात काढलेल्या छायाचित्रांच्या फाइलींमध्येच शब्दांचा शेरा लिहून ठेवणे हा हौशी माणसाचा रिकामा उद्योग आहे, शब्दांची खरी जागा नोंदवहीत, किंवा हल्ली नोंदवहीच्या गादीवर बसलेल्या संगणकप्रणालीत आहे, आणि छायाचित्र काढणाऱ्याने ते काढून मोकळे व्हावे, असे मत आमच्या एका विद्वान मित्राने मध्यंतरी शिरोली एमआयडीसीतल्या चार-दोन कारखानदारांपुढे इतक्या ठामपणे प्रतिपादन केले की, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जागच्या जागी माना डोलावल्या आणि उरलेल्यांनी पुन्हा एकदा चहा मागवला. हे गृहस्थ कारखान्यांना संगणकव्यवहाराची मसलत देतात. त्यांची बुद्धी तल्लख आहे, वाणी प्रासादिक आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात तिळमात्र किल्मिष नाही. परंतु ज्या माणसाने फौंड्रीच्या तपासणी खात्यात पंचवीस वर्षे घालवली आणि ज्याला शेरा नसलेल्या छायाचित्रांनी एकदा भर ऑडिटमध्ये तोंडघशी पाडले, त्याने हे मत निमूटपणे ऐकून घेणे म्हणजे स्वतःच्या अनुभवाशी प्रतारणा करणे होय. सबब हा जबाब.

ज्या काळी छायाचित्र कागदावर उमटत असे, त्या काळी त्याला दर्शनी बाजू होती तशी पाठही होती. कोल्हापुरातल्या कोणत्याही जुन्या वाड्यातली ट्रंक उघडावी. मुंजीतल्या बटूंच्या, तालमीतल्या पैलवानांच्या, नव्या ऑइल इंजिनाभोवती कोट घालून उभ्या राहिलेल्या मिस्त्रींच्या छायाचित्रांमागे शिसपेन्सिलीने कुणीतरी नावे घातलेली असतात, साल टाकलेले असते, आणि क्वचित ‘डावीकडून तिसरे अण्णा’ एवढेच असते. पण तेवढ्या तीन शब्दांनी एक अनोळखी चेहरा घरातला होतो. डिजिटल छायाचित्राला अशी पाठ नाही, हा सार्वत्रिक समज मुळातच खोटा आहे. जेपेगच्या रचनेत निव्वळ भाष्यासाठी राखलेला एक खंड पहिल्यापासून आहे आणि त्यात एका वेळी ६५,५३३ बाइट मजकूर मावतो. १९८९ च्या जिफमध्ये भाष्याची सोय आहे, टिफमध्ये चित्रवर्णनाचा रकाना आहे, पीएनजीत मजकुराचे तीन प्रकारचे खण आहेत. वृत्तपत्रांच्या जगाने १९९१ साली आयपीटीसीचा साचा घालून दिला, जपानी कॅमेरेवाल्यांनी १९९५ साली एक्झिफ आणले, आणि ॲडोबीने २००१ साली काढलेली एक्सएमपी ही पद्धत २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. नीट बनवलेल्या साधनाने यांतल्या कोणत्याही खणात शेरा लिहिला असता चित्राचा एक कणही हलत नाही, कारण शेरा चित्राच्या शेजारी बसतो, चित्रावर बसत नाही. म्हणजे पाठ आहे, चांगली ऐसपैस आहे. ती कोरी राहते एवढेच.

आता तो ऑडिटचा प्रसंग. एका मोठ्या ग्राहकासाठी आम्ही हब ओतत होतो, आणि त्याच्याकडे मशीनिंग होऊन पृष्ठभाग छिलला गेला की आतून ब्लो होल उघडे पडू लागले. दोन वर्षांपूर्वी हाच दोष येऊन गेला होता, त्या वेळी कारण सापडले होते, उपाय झाला होता आणि दोष गेला होता, एवढे सर्वांना पक्के आठवत होते. कारण कोणते आणि उपाय कोणता, हे मात्र कुणालाही आठवत नव्हते. रजिस्टरात ‘ब्लो होल, सुधारणा केली’ अशी एक ओळ निर्विकारपणे बसलेली होती. संगणकावर ‘रिजेक्शन नवीन’, ‘रिजेक्शन नवीन २’ आणि ‘रिजेक्शन फायनल’ अशा तीन फोल्डरांत मिळून तीनशेच्या वर छायाचित्रे होती, आणि त्यांतल्या प्रत्येकात एक करडे कास्टिंग, त्यावर एक काळे छिद्र आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी सेफ्टी बुटाचे टोक, याखेरीज काही नव्हते. निम्म्यांची नावे व्हॉट्सॲपने ठेवलेली, ज्यांत दिवस असतो तो फोटो पाठवल्याचा, काढल्याचा नव्हे. उरलेल्यांत काही अशी की, जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरून घड्याळ मूळपदावर गेल्यामुळे ती सगळी १ जानेवारीच्या मध्यरात्री काढली गेल्याची ग्वाही देत होती. ग्राहकाकडून आलेले ऑडिटर सभ्य गृहस्थ होते, त्यांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, “यातला आपल्या पार्टचा फोटो कोणता?”

ज्या सुपरवायझरने ती छायाचित्रे काढली होती तो एव्हाना कागलकडच्या दुसऱ्या कारखान्यात रुजू झाला होता. रविवारी सकाळी त्याला सांगली फाट्यावरच्या एका हॉटेलात गाठला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. चहाची बशी एका हाताने सावरीत दुसऱ्या हाताने त्याने छायाचित्रे पुढे ढकलली, वीसएक मागे टाकली, मग थांबला आणि काचेवर बोट टेकवून म्हणाला, “ह्यो बघा आपला. दुसऱ्या पाळीचा.” मी विचारले, कशावरून? “कोर वल्ला हुता, सायेब. शेडच्या पत्र्यातनं पानी गळत हुतं, रॅक त्येच्याखालीच हुता. रॅक हलिवला, कोर परत शेकलं, आन् मग माल चांगला आला.” एवढे बोलून तो क्षणभर थांबला आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहत म्हणाला, “आता कोर वल्ला हुता, ह्ये फोटूत कुठं दिसतंय?”

कुठेच दिसत नाही. ओल्या कोअरमधली, म्हणजे कास्टिंगची पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातली, ओल वितळलेल्या लोखंडाच्या स्पर्शासरशी वायुरूप होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही म्हणजे ती घट्ट होत जाणाऱ्या धातूत कोंडली जाते, आणि मागे राहते ते गुळगुळीत पोकळीचे छिद्र. कॅमेरा त्या छिद्राचे चित्र घेतो, ओलीचे घेऊ शकत नाही. छायाचित्र कार्य दाखवते, कारण दाखवत नाही, आणि कारण ज्या एका माणसाच्या डोळ्यांसमोर घडले त्याच्याच हातात त्या वेळी फोन होता. त्याने तेथेच चार शब्द त्या फाइलीच्या पाठीवर लिहिले असते, तर एक रविवार, एक नामुष्की आणि ग्राहकाकडून परत आलेला एक ट्रकभर माल वाचला असता.

आमचे मित्र यावर म्हणतील, आणि म्हणालेच, की हा दोष रजिस्टर नीट न लिहिण्याचा आहे. नोंद नोंदवहीत पूर्ण करावी, वस्तूच्या अंगावर लिहीत बसू नये. हे मत त्यांनी अन्यत्र मांडले असते तर मी एकवेळ सोडून दिले असते. पण ते शिरोलीत मांडावे, याचे मला खरोखर नवल वाटते. या वसाहतीतल्या कोणत्याही फौंड्रीच्या दारातून बाहेर पडणारे कास्टिंग हातात घेऊन पाहावे: त्याच्या अंगावर उठावाची अक्षरे असतात, पार्ट नंबर असतो, फौंड्रीची खूण असते, आणि ज्या मालाला जोखीम अधिक त्यावर हीट कोड किंवा तारखेचा संकेत असतो. ही अक्षरे पॅटर्नवरून वाळूत आणि वाळूतून लोखंडात उतरतात. पाळी बदलली की मोल्डिंगवरचा माणूस पॅटर्नमधला जुना सुटा आकडा उचकटून काढतो, खाचेतली वाळू फुंकरीने उडवतो, नवा आकडा बसवतो, आणि तो सरळ बसला की नाही हे डोळ्यांनी न पाहता अंगठा फिरवून ठरवतो. त्याच कारखान्यात हीटचे रजिस्टर नसते काय? असते, स्पेक्ट्रोमीटरने काढलेल्या रासायनिक पृथक्करणाचा दाखलाही असतो, तोही संगणकात असतो. असे असता लोखंडावर अक्षरे उठवण्याचा हा उपद्व्याप कशासाठी? तर रजिस्टर शिरोलीतच राहते आणि कास्टिंग पुण्याला जाते, चेन्नईला जाते, समुद्रापार जाते, आणि दहा वर्षांनी ते कुठेतरी तडकले म्हणजे त्या तडकलेल्या तुकड्यापासून शिरोलीतल्या त्या पानापर्यंत परत नेणारी वाट त्या तुकड्याच्याच अंगावर असावी लागते. रजिस्टर अनावश्यक आहे असे मी म्हणत नाही. रजिस्टराने कास्टिंगवरची अक्षरे अनावश्यक होत नाहीत, एवढेच म्हणतो, आणि छायाचित्र हे कास्टिंगपेक्षा कितीतरी अधिक भटके असते.

शिवाय रजिस्टरांच्या चिरंजीवित्वाविषयी शिरोलीकरांना कुणी व्याख्यान देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढले आणि शिरोलीजवळ वाहतूक दिवसच्या दिवस खोळंबली; जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. माझ्या परिचयाच्या एका छोट्या कारखानदाराची रजिस्टरे त्यांतल्या एका पुरात भिजली ती त्याच्या सखल भागातल्या घरी, कारण जागा नाही म्हणून जुने दप्तर त्याने तेथे नेऊन ठेवले होते. संगणकप्रणालीची गोष्ट वेगळी नाही, तिला फक्त पुराची गरज लागत नाही: वार्षिक करार सरतो, विकणारा दुकान बंद करतो, नवा येतो तो जुन्याची माहिती आपल्या रकान्यांत ओततो, आणि त्या ओतण्यात छायाचित्रे एका बाजूला व त्यांचे शेरे दुसऱ्या बाजूला पडतात. चित्र आणि शब्द एका फाइलीत असले म्हणजे निदान वाहून गेले तरी ते एकत्र वाहून जातात.

हा वाद नवा आहे असेही कुणी समजू नये. पेशवेकालीन पत्रांत लिहिणारा कारकून चंद्र आणि महिना घालीत असे, आणि साल पुष्कळदा घालीतच नसे, कारण ते लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, मग शाई कशाला खर्चा? त्याचे प्रायश्चित्त पुढे राजवाड्यांनी घेतले, मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी घेतले, आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापणाऱ्या सरदेसायांनी घेतले. एकेका पत्राचे साल ठरवण्यासाठी मजकुरातल्या लढाया, मृत्यू, पाऊसपाणी यांची जंत्रीशी रुजवात घालीत बसावे लागे. (जंत्री सिद्ध करण्याच्या या जिकिरीच्या कामी ज्यांनी हात घातला त्यांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक होते, हे येथे सहज आठवले.) अशा वेळी संशोधकाला हात देणारी एक लहानशी गोष्ट असे, ती म्हणजे पैवस्तीचा शेरा: पत्र पोचले म्हणजे घेणाऱ्याच्या दप्तरातला कारकून ते कधी पोचले हे त्या पत्रावरच टिपून ठेवी. आवक-जावकीची बारनिशी आहेच, मग पत्रावर वेगळे कशाला, असे त्या कारकुनाला वाटले नाही. बारनिशी एका रुमालात गेली, पत्र दुसऱ्या रुमालात गेले, रुमाल सोडणाऱ्या पिढ्या बदलल्या, तरी पत्र आणि त्यावरचा शेरा यांची फारकत करणे वाळवीखेरीज कुणाला शक्य झाले नाही. शिरोलीतला सुपरवायझर फोटो काढून ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून फोन खिशात घालतो, तेव्हा साल न घालणाऱ्या त्या पत्रलेखकाचा तो अस्सल वारस असतो.

मधल्यामध्ये सुचवले जाणारे जे उपाय आहेत त्यांचा निकाल फार वेळ न घेता लावता येतो. फाइलीच्या नावातच सर्व काही लिहावे, असे एक मत आहे. कित्येक व्यवस्थांत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा पाय मोडण्याची खूण असो, तीन बाइट घेते. म्हणजे हिशेब ८५ चिन्हांवर संपतो, आणि ती ८५ चिन्हेही व्हॉट्सॲपच्या पहिल्याच नामकरणविधीत नाहीशी होतात. चित्रावरच अक्षरे उमटवावी, हे दुसरे मत. मायक्रोस्ट्रक्चरच्या छायाचित्रावर मापरेषा उमटवणे योग्यच आहे, किंबहुना अवश्य आहे, कारण शंभरपट वाढवून घेतलेले चित्र पडद्यावर लहानमोठे होताच ‘शंभरपट’ हा शब्द खोटा ठरतो आणि रेषा मात्र चित्राबरोबर लहानमोठी होऊन खरी राहते. पण नायटल किती वेळ लावले, नमुना कास्टिंगच्या कोणत्या जागेतून कापला, हे ग्रॅफाइटच्या गोळ्यांवर पिवळ्या अक्षरांनी छापले म्हणजे गोळे मोजणाऱ्याने करावे काय? तिसरे मत असे की, गूगल फोटोजसारख्या सेवेत चित्राखाली वर्णन लिहिण्याची जागा आहे, तेथे लिहावे. तेथे लिहिलेला शब्द त्या सेवेच्या खात्यात राहतो, फाइलीत उतरत नाही. सर्व माल एकदम बाहेर काढला तर वर्णन निराळ्या जेसन फाइलीत येते, आणि ती फाइल काय आहे हे न कळल्यामुळे आमच्याकडचा पहिला हुशार मुलगा ती काढून टाकतो.

शेरे वाटेत गळून पडतात, ही हरकत मात्र खरी आहे आणि तिला टाळता कामा नये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र पोचते तेव्हा त्याची पाठ खरवडलेली असते. चित्र लहान करणारी पुष्कळ साधने चित्र ठेवतात आणि मजकूर सोडतात. एखादा संपादक प्रोग्राम एका खणातला शेरा बदलतो आणि दुसऱ्या खणातला जुना तसाच ठेवतो, मग एकाच चित्राला दोन साक्षीदार आणि दोन जबान्या. परंतु यावरून शेरा लिहू नये असा निष्कर्ष काढणे म्हणजे भट्टीपासून मोल्डपर्यंत जाताना लोखंड निवते म्हणून ते वितळवूच नये असे म्हणण्यासारखे आहे. फौंड्रीवाला असे म्हणत नाही. तो लाडल तापवून घेतो, अंतर कमी करतो आणि ओतण्यापूर्वी तापमान पाहतो. तेच येथे करावे. तेच चित्र व्हॉट्सॲपवरच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी पोचते. मूळ फाइल एका जागी, हात न लावता, राहावी आणि लहान करायची ती प्रत करावी. आपल्या कारखान्यात चित्र ज्या-ज्या वाटेने जाते त्या प्रत्येक वाटेने शेरा लिहिलेली एक फाइल एकदा पाठवून, दुसऱ्या टोकाला ती उघडून, शेरा शाबूत आहे की नाही हे पाहावे. फिल हार्वे या गृहस्थाने २००३ पासून फुकट उपलब्ध करून दिलेले एक्झिफटूल हे साधन कोणत्या खणात काय आहे ते पै न पै सांगते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. आमचे मित्र जी प्रणाली विकत घ्यावयास सांगतात तिच्या प्रात्यक्षिकाला याहून अधिक वेळ लागतो.

भाषेची अडचण खोल आहे, आणि तिच्याविषयी मित्रांनी चकार शब्द काढला नाही, यावरून त्यांच्या डोळ्यांपुढे शेरा लिहिणारा म्हणून कोण आहे ते कळते. एक्झिफमधला चित्रवर्णनाचा रकाना जन्मापासून केवळ ॲस्कीचा, म्हणजे रोमन अक्षरांचा, होता. ज्यांना दुसरी लिपी हवी त्यांनी ‘वापरकर्त्याचे भाष्य’ या वेगळ्या रकान्यात जावे, आणि तेथे मजकुराच्या आधी आठ बाइटांत आपण कोणत्या संकेतात लिहीत आहोत ते नोंदवावे, असा दंडक होता. त्या आठ बाइटांत जपान्यांनी आपल्या लिपीच्या संकेताला नावानिशी जागा दिली, आणि बाकी दुनियेसाठी युनिकोड ठेवला. तक्रार नाही, घर त्यांनी बांधले होते. यूटीएफ-८ ला एक्झिफमध्ये रीतसर प्रवेश मिळाला तो मे २०२३ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीबरोबर, म्हणजे २८ वर्षांनी. दरम्यान विंडोजने आपले स्वतःचे खण काढले, त्यांत मराठी नीट बसते, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो खण उघडला नाही की शेरा नाहीसा झाला असे वाटते. आणि ज्यांनी जुन्या फाँटांवर टंकलेखन केले, ज्यांत ‘क’ दिसणाऱ्या जागी प्रत्यक्षात भलतेच रोमन चिन्ह साठवलेले असे, त्यांचे शेरे आज फाँट नसलेल्या संगणकावर भुताच्या मंत्रासारखे दिसतात. सबब माझा आग्रह युनिकोडचा आणि एक्सएमपीचा. त्यात एकाच चित्राचे वर्णन अनेक भाषांत शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय मुळातच आहे, म्हणजे सुपरवायझरची मराठी खोडल्याशिवाय ग्राहकासाठी इंग्रजी लिहिता येते. आयपीटीसीच्या जुन्या साच्यातील वर्णनाचा रकाना २,००० बाइटांचा, म्हणजे आपल्या लिपीच्या सहाशेसाठएक चिन्हांचा आहे. फौंड्रीतल्या माणसाला तेवढाही पुरून उरतो, लेखकांना पुरणार नाही.

आता मित्रांचा सर्वांत बळकट मुद्दा, जो त्यांनी शेवटी राखून ठेवला होता: शेरा घातला की फाइल बदलते, फाइल बदलली की तिचे हॅशमूल्य, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ओळखीची खूण, बदलते, आणि मग कज्जा कोर्टात गेला तर छायाचित्राची किंमत शून्य. यात तथ्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यात हॅशमूल्य नमूद करावयाचे असते. त्याआधीच्या कायद्यातील ६५-ब कलमाचा कस आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून लागला: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ साधन हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र अपरिहार्य, असा निर्णय दिला. तो खटला शेऱ्यांचा नव्हता. पण वस्तू कुठून आली, कुणाच्या ताब्यात होती आणि मध्ये तिला कुणी हात लावला, हे सांगता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी आमच्या विषयाला तंतोतंत लागू आहे. मात्र यातून निघणारा धडा शेरा न लिहिण्याचा नाही, क्रम पाळण्याचा आहे. जुन्या दप्तरात मजकूर संपला की मोर्तब होत असे. मोर्तबानंतर ओळ घुसडणे हा गुन्हा होता, मोर्तबापूर्वी लिहिणे हे कर्तव्य होते. लांब पत्राचे बंद जोडले असता मागे जोडावरच शिक्का मारीत, की एखादा बंद काढून दुसरा चिकटवता येऊ नये. शेरा फोटोबरोबर लागलीच लिहावा, मग हॅश घ्यावा, आणि त्यानंतर काही सुचले तर ते शेजारच्या पुरवणी फाइलीत, तारखेनिशी लिहावे. ज्या छायाचित्रावरून तंटा होणार हे आधीच दिसते, तेथे मूळ चित्र स्पर्शही न करता बाजूला ठेवावे आणि शेरा प्रतीवर घालावा. फाइलीतला शेरा कुणीही मागाहून बदलू शकतो आणि साध्या फाइलीत त्याचा माग राहत नाही, हेही मी कबूल करतो. रजिस्टरातले पान कुणी फाडत नाही आणि संगणकातली तारीख कुणी मागे घेत नाही, असे मित्रांनी शपथेवर सांगितले की मी हा मुद्दा सोडून देईन.

गुप्ततेविषयी दोन शब्द पुरेत. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी हा फरार उद्योजक एका मासिकाने छापलेल्या छायाचित्रातल्या स्थाननोंदीमुळे ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले, ही गोष्ट मित्रांनी रंगवून सांगितली आणि ती खरी आहे. पण कारखान्यातून एक बोल्टसुद्धा गेटपासशिवाय बाहेर जात नाही. फोटोनेही जाऊ नये. बाहेर जाणारी प्रत पाठ पुसून द्यावी, ग्राहकाचा ड्रॉइंग नंबर तर आवर्जून काढावा, आणि घरातली मूळ फाइल जशी आहे तशी राहू द्यावी. चोरी होईल या भयाने कास्टिंगवर नंबर न घालणारा कारखानदार मला अद्याप भेटलेला नाही.

निघताना मित्रांनी एक तडजोड सुचवली: लिहू द्यावयाचेच असेल तर मोकळा शेरा नको, दोषांची ठरीव यादी द्यावी, माणसाने त्यातून एक निवडावा, म्हणजे शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही आणि शोध घेणेही सोपे जाते. यादी असावी, ब्लो होल, कोल्ड शट, सँड ड्रॉप, श्रिंकेज ही नावे यादीतूनच यावीत. परंतु यादी करणाऱ्याला जे ठाऊक होते तेवढेच यादीत असते, आणि दोषाचे कारण बहुधा यादी करणाऱ्याच्या गैरहजेरीत, रात्रपाळीला, पत्र्याच्या एका भोकातून येते. म्हणून आमच्याकडे यादीच्या खाली एक मोकळी जागा ठेवली आहे, आणि तेथे जो जसे बोलतो तसे लिहितो, किंवा फोनला बोलून सांगतो. मी त्यातली एक वेलांटीही दुरुस्त करत नाही. मागच्या हिवाळ्यात जुन्या शेऱ्यांचा धांडोळा घेताना मी शोधात ‘ओला’ हा शब्द घातला, तेव्हा एकही चित्र आले नाही. मग काही वेळाने सांगली फाट्यावरचा तो रविवार आठवला आणि ‘वल्ला’ घातला. सात चित्रे आली. सातही जुलै-ऑगस्टमधली, आणि त्यांतली पाच एकाच रॅकवरच्या कोअरची होती. दुपारी शिडी मागवून पत्रा पाहिला, तर नट गळून पडलेल्या जागी कुणीतरी बोळा कोंबून ठेवला होता.